काहीच न वाटलेलं नाटक

“नाटक आवडलं नाही तर खुशाल नावं ठेव. पण काहीच वाटलं नाही, तर मला येऊन सांग.”

तिकिटाचा कोपरा फाडता फाडता बॅटरीवाल्या काकू मला म्हणाल्या. मागे रांग खोळंबली होती. मी हसल्यासारखं केलं आणि आत गेले. काकूंना बोलायची हौस आहे, एवढंच मनात आलं.

काकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. नाट्यगृहात बावीस वर्षं डोअरकीपर आहेत. उशिरा आलेल्यांना अंधारात बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत नेतात, म्हणून सगळ्या इमारतीच्या त्या बॅटरीवाल्या काकू. जिना त्यांच्या दारावरून जातो. लेक झाल्यापासून मी त्या जिन्यावरून उतरून तीन-तीनदा परत वर जात होते. कधी गॅसचं बटण बघायला, कधी खिडकीची कडी, कधी लेकीचा श्वास. काकूंना ते दिसत असणारच. मला मात्र वाटायचं की कुणाला काही दिसत नाही.

लेक तेव्हा पाच महिन्यांची होती आणि सहा महिने शहरभर त्या नाटकाचे फलक लागलेले होते. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार, त्याला सोडून समुद्रावर निघून गेलेली मुलगी, चाळीस वादक, रंगमंचावर खरं पाणी. पहिल्या तीन रांगांना म्हणे रेनकोट वाटतात. दुसऱ्या अंकात मुलगी गेल्यावर बाप एकटा दिवा लावतो, ते गाणं तर दूधवाल्याच्या फोनवरही वाजायचं.

आमचं सासर नाटकवेडं. घरी एक रीत आहे: नाटक बघून आलं की चहा होतो आणि टेबलाभोवती प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. “ठीक होतं” म्हणायला बंदी आहे. जो म्हणेल तो सगळ्यांचे कप धुणार. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी दोनदा कप धुतले आणि मग शहाणी झाले.

सासूबाईंनी आधीच बघितलं होतं, त्यामुळे लेकीला त्यांच्याकडे ठेवून आम्ही चौघं रविवारी दुपारच्या खेळाला गेलो. सासरे, नवरा, धाकटी नणंद आणि मी. परत आल्यावर चहा होतो न होतो तोच सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“काय सांगू. तो बाप दिवा लावतो ना, तिथे मी संपलो. दुसऱ्यांदा बघूनही संपलो.”

“बाबा, तुम्ही जाहिराती बघूनही रडता,” नणंद म्हणाली. “गोष्ट नखभर आणि थाट हातभर. नाकापेक्षा मोती जड. लोक पाण्याला टाळ्या वाजवत होते, नटाला नाही.”

“तुला पाणी दिसलं, माणूस दिसला नाही.”

“माणूस दिसायला धूर तरी कमी सोडायचा.”

नवऱ्याने नेहमीप्रमाणे पहिला अंक आवडला, दुसरा लांबला असं म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवला. मग सगळे माझ्याकडे वळले.

“मला काहीच वाटलं नाही,” मी म्हणाले.

खरं होतं ते. शब्दशः खरं.

नणंदेने टेबलावर थाप मारली. “घ्या. साहित्य शिकलेली बाई बोलतेय. काहीच वाटलं नाही. याहून कडक परीक्षण कुणी लिहिलंय का? वहिनी, तुमचं मत माझ्या पारड्यात.”

सासऱ्यांचा चेहरा पडला. ते कप घेऊन आत गेले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. नाटकावरून आमच्याकडे असे रुसवे होतात, त्यात नवल काही नाही.

चूक तिथेच झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकत होती. दुसऱ्या कुठल्या घरात सुनेला काहीच वाटलं नाही म्हटल्यावर कुणीतरी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. आमच्याकडे ते मत म्हणून मोजलं गेलं. पाहुणा आला की वाद पेटायचा आणि नणंद मला साक्षीला बोलवायची. मीही सांगायचे: मुलगी घर का सोडते त्याला कारणच दिलेलं नाही, वाद्यवृंद शब्दांवर चढतो, शेवट पाण्यात वाहून जातो. कॉलेजात याच कामाचे गुण मिळवले होते. झोपेतही करता आलं असतं, झोप लागत असती तर.

आत काय चाललं होतं ते वेगळंच. ते गाणं सुरू झालं आणि शेजारची बाई मुसमुसू लागली, तेव्हा मी हिशेब करत होते की सासूबाईंचा डोळा लागला तर काय, आणि इथून धावत घरी पोहोचायला किती मिनिटं लागतील. त्यापलीकडे सगळं सपाट होतं. जेवणाला चव नव्हती. लेक हसायला लागली होती, सगळं घर त्या हसण्यावर लोळण घ्यायचं, आणि मी तिच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघायचे. भीती तेवढी जागी होती. अलीकडे तिच्या मागोमाग एक विचार यायला लागला होता, अगदी शांतपणे: हे सगळे माझ्याशिवाय जास्त बरे राहतील. तो विचार आला की मला घाबरायला हवं होतं. उलट बरं वाटायचं.

एका मंगळवारी दुपारी लेकीला झोपवून मी धुतलेले कपडे गच्चीवर घेऊन निघाले होते. गच्चीऐवजी खाली उतरत होते, ते तळमजल्यावर आल्यावर कळलं. काकू दार उघडं टाकून उंबऱ्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या, पाय बादलीतल्या मिठाच्या गरम पाण्यात. मंगळवारी त्यांना सुट्टी.

“ये गं. नाटकाचं सांगितलं नाहीस ते.”

मी माझं परीक्षण म्हणून दाखवलं. मुलीचं कारण, वाद्यवृंद, शेवट. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“बोलतेस छान. पेपरात द्यायला हवं. पण त्या दिवशी तुझ्याच रांगेच्या दारात मी उभी होते.”

“मग?”

“बावीस वर्षं मी नाटक बघत नाही, माणसं बघते. नाटक आवडलं नाही ना, की माणूस चिडतो. घड्याळ बघतो, शेजाऱ्याला कोपर मारतो, वेफरची पिशवी मुद्दाम वाजवतो. तुझी नणंद बघ, खुर्चीत नुसती फणफणत होती. पोटभर करमणूक झाली तिची. तू चिडली नाहीस. ते गाणं संपेपर्यंत तू माझ्या डोक्यावरची ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ ही पाटी वाचत होतीस.”

मी कपडे या हातातून त्या हातात घेतले.

“लेक हसली की काय वाटतं?” त्यांनी विचारलं. आवाज तोच, पाण्यात मीठ जास्त झालं का विचारावं तसा.

मी तोंड उघडलं. ‘छान वाटतं’ हे शब्द तयार होते. ते आलेच नाहीत.

“काहीच नाही,” मी म्हणाले. “काकू, मी नसले तर बरं होईल असं वाटतं.”

काकूंनी “अगंबाई” म्हटलं नाही, की “असं बोलू नये” म्हटलं नाही. पाय पुसले, चप्पल घातली, ओल्या कपड्यांचा पिळा माझ्या हातून काढून घेतला. “चल वर. तू सांग. अडखळलीस तर मी आहे.”

टेबलाभोवती सगळ्यांना बसवलं. नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, त्याहून जास्त जमलं नाही. मग सासरे म्हणाले, “म्हणजे ते तुझं नाटकाबद्दलचं मत नव्हतं?”

“नव्हतं, बाबा.”

“आणि मी दोन दिवस फुगून बसलो.” ते खाली बघत राहिले.

नणंद माझ्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसली. “मी तुमचं मत मोजत होते, वहिनी. मला काय झालं होतं?” सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नवऱ्याने तोवर डॉक्टरांची वेळ घेतली होती, त्याच संध्याकाळची. त्या दिवसापासून महिनाभर मला कुणी एकटं सोडलं नाही, आणि तसं करताना पहारा दिल्याचं जाणवूही दिलं नाही. नणंदेला तर अचानक माझ्याकडून विणकाम शिकायचं होतं. मला विणता येत नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींना होतं आणि त्याला औषध आहे. औषध होतं, बोलणं होतं, सक्तीची झोप होती. हळूहळू झालं. एका सकाळी नणंदेने लेकीला टोपी उलटी घातली आणि मला तिचा मनापासून राग आला. इतका छान राग आला की मी तिला मिठी मारली. ती बिचारी घाबरली. लेकीचं हसू त्यानंतर आठवड्याभराने पोहोचलं. ते कसं पोहोचलं ते मला लिहिता येत नाही.

गेल्या महिन्यात सासऱ्यांबरोबर तेच नाटक पुन्हा बघितलं. गाणं सुंदर आहे, मी रडले. पाणी फाजील आहे आणि त्या मुलीला घर सोडायला खरोखरच कारण दिलेलं नाही. आता सासरे आणि नणंद दोघंही माझ्यावर नाराज आहेत, कारण माझं अख्खं मत कुणालाच मिळालेलं नाही. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “आता भांडायला लागलीस, म्हणजे मी सुटले.” त्यांचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. हे लिहून बघतेय.

तुमच्या ओळखीत हल्लीच बाळंत झालेली कुणी असेल. व्यवस्थित बोलणारी, विचारलं की मुद्देसूद उत्तर देणारी, घर नीट ठेवणारी. तिच्याकडे आज जाऊन या. बाळाला थोडा वेळ दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तिच्यासमोर बसा. कशी आहेस असं विचारू नका, त्याचं उत्तर तिच्याकडे तयार असतं. बाळ हसलं की तुला काय वाटतं, हे विचारा, आणि ती बोलेपर्यंत उठू नका.