कडी लागलेल्या दारासमोर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, ढोबळ अंगाचा, दर दोन-तीन उन्हाळ्यांनी रंग फासून घेता घेता रंगाच्या थरांनीच जाड झालेला. अकोल्यातल्या एका साध्या वस्तीत, इंदूबाईंच्या घराच्या खिडकीत मी बसतो. बसतो कसला, अडकवलेला आहे! माझी पाठ गल्लीत आणि तोंड बैठकीच्या खोलीत. गल्लीतलं सगळं ऐकू येतं, घरातलं सगळं दिसतं, पण बोलायची सोय नाही. जन्मभर नुसतं घूं घूं करायचं. आज मात्र तुमच्याशी बोलायचं ठरवलं आहे, कारण सांगण्यासारखं एक काम माझ्या हातून झालं. तेही मी बंद पडलो म्हणून झालं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला नाही. सूर्यभान मिस्त्रींनी एका शेडमध्ये मला ठोकून ठोकून उभं केलं. खाली पाण्याची टाकी, पोटात पंखा आणि तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. इंदूबाईंचे यजमान मोतीराम टपाल खात्यात होते. वैशाखात सायकलवरून गावभर पत्रं वाटून आलेला तो माणूस माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "आता आला जीवात जीव." मला फार बरं वाटायचं. शेजारचेही येऊन बसायचे. ताट्या भिजल्या की वाळ्याचा वास घरभर पसरायचा आणि त्या वासासाठी माझं कौतुक व्हायचं.

मोतीरामजींचा एक नियम होता. कूलर सुरू झाला की स्वयंपाकघराचं दार उघडं. मित्रांनो, हे जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. त्या हवेला पुढे जायला वाट लागते. बैठकीतून ती स्वयंपाकघरात जाते आणि तिथल्या गजांच्या खिडकीतून मागे निघून जाते. वाट मोकळी असली की दोन्ही खोल्या गार. वाट बंद केली की तीच ओली हवा कोंडून अंगाला चिकटते, आणि मग माणसं माझ्या नावानं बोटं मोडतात.

वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्याला फुटक्या वरवंट्याचा तुकडा लावायचा, हे काम थोरल्या मुलाचं, धर्मपालचं. तेव्हा तो शाळेत होता. कोणी दार लोटलं की हा अंगावर धावून जायचा, "ए, दार काहून लावलं? कूलरचा जीव घुसमटते ना!" माझ्या जिवाची काळजी घरात कोणी घेतली असेल तर त्या पोरानं.

पुढे मोतीरामजी गेले. धर्मपाल शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथंच त्यानं घर केलं. त्याच्या घरी भिंतीवर गुपचूप बसणारा एसी आहे म्हणतात. एसीवाल्यांची सवय उलटी. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, फटसुद्धा ठेवायची नाही. इथे धाकटा नागसेन आणि इंदूबाई राहिले. दोन वर्षांपूर्वी नागसेनचं लग्न झालं आणि अमरावतीची रश्मी या घरात आली.

रश्मी आली आणि माझ्या टाकीत पाणी टाकायचं काम तिच्याकडे आलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की ड्रम भरून ठेवायचे आणि त्यातलंच पाणी जपून माझ्या पोटात घालायचं. बादली रिकामी झाली की ती ओला हात कपाळावर ठेवून क्षणभर माझ्या जाळीसमोर उभी राहायची. आईला फोन करायचा असला तरी इथेच यायची. माझ्या आवाजात तिचं बोलणं कोणाला ऐकू जात नसे. मलाही त्याचा अभिमान होता. माझ्या गोंगाटाचा कोणाला तरी आडोसा होतो, हे काय कमी आहे?

या उन्हाळ्यात रश्मीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. डॉक्टरीणबाईंनीही बजावलं होतं की उन्हाची, गॅसची धग टाळा, लवकर आईकडे जा. शुक्रवारी तिचे वडील अमरावतीहून न्यायला येणार होते. बॅग भरून माझ्या खालीच ठेवली होती. आणि गुरुवारी धर्मपालचा फोन आला, "बुद्धपौर्णिमेले जोडून सुट्टी आली माय, आमी सारे येऊन राह्यलो."

इंदूबाईंना लेकराचा आनंद होणार नाही तर काय? पण त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नागसेन म्हणाला, "पाहुणे गेले का लगेच जाशील. तीन दिवसांचा तं सवाल हाय." रश्मी म्हणाली, "बरं." वडिलांना नको येऊ असं तिनंच कळवलं. मग बॅग उचलून पलंगाखाली सारली.

पाहुणे आले. धर्मपाल, त्याची बायको प्रतिभा, दोन पोरं, आणि वाटेत बाळापूरहून गाडीत घेतलेल्या मैनाबाई आत्या. आत्याबाईंनी आल्याआल्या खाट ओढून थेट माझ्या तोंडासमोर घेतली. "मले गुडघ्याचा तरास हाय, मले हवा लागते," असं म्हणून त्यांनी पदर सोडला आणि त्या ज्या आडव्या झाल्या त्या जेवणापुरत्याच उठल्या. त्यांच्यामागे प्रतिभा, मग पोरं, मग धर्मपाल. अकोल्याचं ऊन दारात उभं असताना दुपारी जाणार तरी कुठे? सगळं घर एका खोलीत आणि सगळी खोली माझ्यासमोर. रश्मी तेवढी आत.

पहिल्याच दुपारी धर्मपालनं पायानं वरवंट्याचा तुकडा बाजूला केला आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. "सारी थंडी तिकडं चालली," तो म्हणाला. माझा पंखा थबकायचाच बाकी राहिला. अरे, तूच ना तो? पण सांगणार कसं? मी जोर लावला. माझ्या वाऱ्यानं दार हळूच उघडलं. त्यानं पुन्हा लोटलं, मी पुन्हा उघडलं. असा दिवसभर आमचा खेळ चालला, आणि फटीतून रश्मीला थोडी थोडी झुळूक मिळत राहिली. आत पंखा लावला तर गॅस विझतो, म्हणून तिला तेवढाच आधार होता.

संध्याकाळी ती पाणी टाकायला आली तेव्हा जाळीला टेकून फोनवर बोलली. "मी ठीक हावो वं आई. नाई, दगदग नाई. फक्त... पाहुणे गेल्याबरोबर बाबाले पाठव. एक दिवस बी थांबू नको." तिच्या पायांवर सूज होती. ती खाली वाकून बादली उचलत नव्हती, पायानं सरकवत होती.

रात्री जेवताना धर्मपाल म्हणाला, "गाडी आपलीच हाय, मंगळवारपावतो थांबतो." इंदूबाईंनी रश्मीकडे पाहिलं. नागसेननं ताटाकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "रायना बापा, घर तुयंच हाय." रश्मीनं आणखी पोळी वाढली. "जा" म्हणणं कोणाच्याच तोंडून निघेना, आणि आम्ही सगळेच, मी खिडकीत आणि ते घरात, एकमेकांत अडकून पडलो.

दुसरा दिवस बुद्धपौर्णिमेचा. सकाळी वंदना झाली. संध्याकाळी विहारात खीर वाटायची होती आणि आमच्या घराकडे एक मोठं पातेलं करायचं आलं होतं. जेवणं उरकल्यावर इंदूबाई आणि नागसेन मांडामांड करायला विहारात गेले. जाताना इंदूबाई म्हणाल्या, "खीर उतरवली का पड पोरी जराशी." रश्मी आत खीर ढवळत राहिली. इकडे बैठकीत पाहुणे आडवे झाले. दार पुन्हा हलायला लागलं, तसा धर्मपाल वैतागून उठला आणि त्यानं सरळ कडी लावली. रश्मी आत आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या लक्षात नव्हतं. त्या घरात दोन दिवस ती कोणाच्याच लक्षात नव्हती.

आता वारा जाणार कुठे? खोलीत घाम सुटू लागला. प्रतिभा वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाली, "म्हातारा झाला हा कूलर, काढून टाका." धर्मपालनं माझ्या अंगावर एक थाप मारली आणि पंखा सगळ्यात जोरात केला. मी अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून गरजू लागलो. त्या आवाजात सगळ्यांना झोप लागली.

आणि मग मला तो ठोका ऐकू आला. दारावर आपटून परत येणाऱ्या माझ्याच वाऱ्यात मिसळून आला. टक्. टक्. बोटाच्या पेरानं मारलेला. खीर उतरवून ती आडवं व्हायला बाहेर येत असावी. मागे दुसऱ्याच्या घराची भिंत, खिडकीला गज, बाहेर पडायला हे एकच दार. फोन तिचा पलंगावर. आणि मित्रांनो, तिनं दार बडवलं नाही. थोरले झोपलेत, त्यांची झोप मोडायची कशी? "दादा," ती हळूच म्हणाली. "आत्याबाई. दार काढता का जरासं?" माझी घरघर त्या शब्दांवरून फिरली आणि ते पुसले गेले. पुन्हा ठोका. पुन्हा मी. ज्या आवाजाचा तिनं आडोसा केला होता, तोच आवाज आता तिचा शत्रू झाला होता. मला थांबायचं होतं. जीव तोडून थांबायचं होतं. पण कूलरला स्वतःचं बटण बंद करता येत नाही. ठोके हळू हळू खाली सरकत गेले, जणू ती दाराला टेकून बसत चालली होती.

तेवढ्यात लाईन गेली.

माझा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. टाकीत शेवटचे थेंब पडले. इतकी शांतता त्या घरात दोन दिवसांत झाली नव्हती. आणि त्या शांततेत, दाराच्या खालच्या बाजूनं, सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. टक्. टक्.

आत्याबाई ताडकन उठून बसल्या. गुडघ्याचं त्यांना आठवलंच नाही. "अवं माय, पोरगी आत हाय!" धर्मपालनं धावत जाऊन कडी काढली. आतली धग तोंडावर आली तसा तो मागे सरकला. रश्मी दाराशी बसली होती, लालभडक, पदर ओला करून पोटावर धरलेला. तिनं उठायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "झोपमोड झाली का दादा? चहा ठेवू?"

 धर्मपालनं आणि प्रतिभानं तिला धरून खाटेवर निजवलं. प्रतिभा ओल्या पंच्यानं तिचे तळवे पुसत रडत होती. शेजारच्या डॉक्टरीणबाई आल्या, पोट तपासलं, बाळाचे ठोके नीट आहेत म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना एक एक करून झापलं. विहारातून इंदूबाई आणि नागसेन धावत आले आणि रश्मीच्या उशाशी बसले. धर्मपालनं कोपऱ्यातून तो वरवंट्याचा तुकडा उचलून आणला, दाराला लावला, आणि तिथेच उकिडवा बसला. "माय," तो म्हणाला, "मीच ओरडत होतो ना वं लहानपणी?" इंदूबाई म्हणाल्या, "हो बापा. तूच."

लाईन आली तेव्हा मी सुरू झालो. माझा वारा दोन्ही खोल्यांतून धावत मागे निघून गेला. मी तोच म्हातारा कूलर होतो, आणि घर गार झालं.

मित्रांनो, माझ्या ताट्या बदला, टाकीतलं पाणी साचू देऊ नका, हे तर आहेच. पण तुम्हाला गार वाटत असलं, की एकदा उठून पाहा, दारापलीकडे कोण आहे. आणि अधूनमधून मला बंद करा. माझ्या आवाजात कोणाचा ठोका बुडत नाही ना, एवढं ऐका. जोरात ठोकायची मुभा सगळ्यांनाच नसते.

ऊन उतरल्यावर धर्मपालनं पलंगाखालची बॅग काढली. "मंगळवार नाई न् काई नाई. रश्मी आजच माहेरी जाते, मी सोडतो," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. गाडी गल्लीत, अगदी माझ्या पाठीशी उभी होती. नागसेन पुढे बसला. रश्मी मागे इंदूबाईंशेजारी टेकली. धर्मपालनं काचा वर केल्या आणि एसी लावला.

तेव्हा मी तिचा आवाज ऐकला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या घरघरीच्या वर आला होता.

"दादा, माह्या बाजूची काच उघडी राहू द्या."

धर्मपालनं एसी बंद केला आणि गाडीच्या चारही काचा खाली घेतल्या.