काडीचं गाणं

"सरळ वर या, भाऊजी," वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली. "सकाळपासून एकच घोशा चाललाय, वार्निश आला का, वार्निश आला का."

वार्निश. या नावानं हाक मारणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं, आणि ते वरच्या खोलीत खाटेवर पडून होतं. बाकी सगळ्यांसाठी वार्निश म्हणजे पंपाच्या कारखान्यातला फोरमन होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मागे 'साहेब, साहेब' करणारी माणसं.

जिन्याखालच्या दुकानाला कुलूप होतं. जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं दुकान ते. फटीतून अजून तोच वास येत होता, वार्निशात बुडवून भट्टीत वाळवलेल्या कॉइलींचा, उग्र आणि किंचित गोड. इथेच, कामाला लागल्या लागल्या, त्यानं वार्निशचा डबा अंगावर उलटवून घेतला होता आणि आता वर पडलेल्या या दोस्तानं त्याचं बारसं उरकून टाकलं होतं. दोस्ताचं नाव आधीच पडलेलं होतं, काडी. अंगानं काडी, जिवानं माडी, असं तो स्वतःच म्हणायचा.

वहिनीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "ते त्यांचं गाणं मागतायत. म्हणाले, वार्निशला सांग, त्याला माहीत आहे."

"हो, हो, आणतो की," तो म्हणाला होता. तोंडातून 'हो' निघून गेलं. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

कधीकाळी दर रविवारी दुपारी दोघं याच वरच्या खोलीत बसत. काडीनं भंगारातून रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला होता आणि त्याची मोटार स्वतःच्या हातानं भरली होती. तबकड्याही भंगारातल्याच, जुन्या रॉक बँडच्या. इंग्रजीच्या नावानं दोघांचीही बोंब. शब्द डोक्यावरून जात, पण गिटार रडायला लागली की रडण्याला भाषा कशाला लागते?

प्रत्येक अल्बमात एक गाणं असं असे, की ते न्हाव्याच्या दुकानापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजे. "हा घरातला कमावता थोरला," काडी म्हणायचा. "याचे लाड करायला गाव आहे. आपण कोपऱ्यातलं घेऊ." कोपऱ्यातलं म्हणजे दुसऱ्या बाजूचं, आतल्या अंगाचं, कुणी कधी न विचारलेलं. तसलं एकेक पोरकं गाणं दोघांनी दत्तक घेतलं होतं. एक काडीचं, एक वार्निशचं. आणि लेकराला अर्ध्या ताटावरून उठवायचं नाही, म्हणून दत्तक गाणं मध्येच तोडायचं नाही.

मग वार्निशला कारखान्यात नोकरी लागली, गावाच्या दुसऱ्या टोकाला घर झालं. 'या रविवारी नक्की' म्हणता म्हणता रविवार पाण्यासारखे वाहून गेले. काडीच्या छातीचं दुखणं कळल्यावरही तो लगेच आला नव्हता. मोकळ्या हातानं कसं जायचं, असं स्वतःला सांगत राहिला. खरं तर इतक्या दिवसांनी तोंड दाखवायची लाज वाटत होती.

शेवटी कारखान्याच्या बसमध्ये फोन कानाला लावून त्यानं ते सगळे अल्बम पुन्हा ऐकले. एका गाण्याशी आल्यावर त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यातला ड्रम ओल्या चपलांनी कुणी जिना चढत असल्यासारखा वाजत होता. चपट, चपट, चपट. हेच. काडीचंच. नाहीतर डोळ्यांत पाणी का यावं?

काडी उशीला टेकून बसला होता. इतका वाळलेला, की आता काडी हे नावही त्याला जड झालं असतं.

"साहेब आले," तो म्हणाला. "खुर्ची पुसा रे कुणीतरी."

"गप बस. जास्त बोलू नकोस."

"बोलत नाही. तू लाव."

वार्निशनं प्लेअरजवळच्या गठ्ठ्यातून ती तबकडी काढली, दुसरी बाजू वर केली, सुई अलगद टेकवली. चपट, चपट, जिना चढत गाणं खोलीत आलं. काडीनं डोळे मिटले. गाणं पूर्ण संपल्यावर वार्निशनं सुई उचलली.

"बरं वाटलं?" वार्निशनं विचारलं.

"छान आहे रे," काडी म्हणाला. डोळे उघडून तो वार्निशकडे पाहून हसला. "पोर मोठं झालं."

वार्निशच्या छातीवरचा दगड उतरला. पुढच्या रविवारी नक्की येतो, म्हणून तो उठला. वहिनी त्याच्या मागोमाग खाली आली.

"बरं झालं आलात. तुमचं गाणं तुमच्याच हातून ऐकलं, खूश झाले."

बुटाची नाडी त्याच्या हातात तशीच राहिली. "माझं?"

"ओल्या चपलेचं तुमचंच ना? दर रविवारी लावतात. म्हणतात, बाप तिकडे साहेब झाला, लेकराला कोण बघणार?" ती हसली. "मी तर त्याला सवतीचं पोर म्हणते."

"मग... त्याचं कोणतं, वहिनी?"

"मला काय ठाऊक? त्यांनी स्वतःचं कधी लावलंच नाही. आपलं आपण लावायचं नाही, दुसऱ्यानं लावायचं, असं ठरलं होतं म्हणे तुमचं." ती पदराला हात पुसत म्हणाली, "मी कितीदा म्हटलं, लावा की, कोण बघतंय. तर म्हणाले, येईल वार्निश."

असं ठरलं होतं. जिन्यात उभ्या उभ्या त्याला आठवलं. ते ठरवणारा तो स्वतःच होता.

त्यानं बूट काढले. फोन बंद करून खिशात टाकला आणि अनवाणी वर गेला.

"काय विसरलं साहेबांचं?" काडीनं विचारलं.

वार्निश खाटेच्या कडेला बसला. "तुझं गाणं," तो म्हणाला. "विसरलो रे मी. तुझं कोणतं तेच आठवत नाही. माझंही नव्हतं आठवत."

काडीनं घरघरत एक श्वास घेतला आणि मान उशीला टेकली. 

"सांग ना," वार्निश म्हणाला.

"अंहं. सांगितलं तर मीच लावल्यासारखं होईल." काडीनं हनुवटीनंच गठ्ठ्याकडे खूण केली. "सगळीच लाव. कुठेतरी असेल."

वार्निशनं सगळ्यात वरची तबकडी घेतली. थोरला कमावता गाजावाजा करत येऊन गेला. त्याच्यामागून कोपऱ्यातली एकेक येऊ लागली, बिचकत, दाराशी उभी राहत. वार्निशचं लक्ष तबकडीकडे नव्हतं. तार मोजून मोजून झिजलेली ती बोटं पांघरुणावर पडली होती, आणि कुठल्या गाण्याला ती हलतात, म्हणून तो त्यांच्याकडे बघत होता.

एका गाण्यात हात हलला. वार्निश पुढे झुकला. काडीनं फक्त पांघरूण वर ओढून घेतलं.

बाजू संपली. सुई रिकाम्या रेघेत खरखरत फिरत राहिली. वार्निश उठला, आणि त्यानं तबकडी उलटवली.