बंद गिरणीतली अर्धी भुताटकी

मी एक गेम बोलतेय. कॉम्प्युटरवरची. पुरी झालेली नाही, अर्धीच आहे. आणि आधीच सांगते, मिरवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते लाजेचं. पण गप्प बसून लाज कमी होत नाही, म्हणून बोलते.

माझा जन्म डिलाईल रोडच्या एका चाळीत, दुसऱ्या माळ्यावर. गिरण्यांच्या संपाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मला बनवलं आनंदाने. दिवसा तो कुरिअरच्या ऑफिसात बसायचा, संध्याकाळी दादरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. सरांनी सगळ्यांना एकेक गेम बनवून आणायला सांगितली. बाकीच्यांनी गाड्या पळवल्या. आनंदाने भूत काढलं.

गोष्ट एवढीच: संप चालू आहे, गिरणी बंद आहे. एक माणूस मागच्या बाजूने आत शिरतो. आत एक बाई भूत होऊन फिरतेय. तिच्या तावडीतून सुटून बाहेर यायचं.

कशी होते मी ते विचारूच नका. माझा हिरो भिंतीतून आरपार जायचा आणि उघड्या दाराला अडकायचा. जिना चढलात तर वर मजलाच नाही. भुताची किंकाळी म्हणून आनंदाने घरच्या कुकरची शिट्टी भरली होती. ती वाजली की शेजारीण घाबरायची नाही, गॅस बंद करायला उठायची.

पण माझं पहिलं पान मात्र त्याने मन लावून केलं होतं. तिथे लिहिलं होतं: ‘माझ्या बाबांना, जे फुटले नाहीत.’

बाबा म्हणजे गुणाजी. सोळा वर्षं गिरणीत होता. “संपात मी गिरणीच्या दारात पाय ठेवला नाही,” हे त्याचं वाक्य त्या घरात देवाच्या फोटोसारखं होतं. आनंदा त्याच्याकडे बघत लहानाचा मोठा झाला. त्या वाक्यावर घर उभं होतं म्हणा ना.

बुधवारी मला क्लासात दाखवायचं होतं. त्याआधीच्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, आनंदाने समोरच्या खोलीतल्या सुंदराबाईला बोलावलं. ही त्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिचा नवरा रामदास संपात शेवटपर्यंत टिकला. त्याला परत कामावर घेतलं नाही. दादरच्या फुटपाथवर नारळ विकत विकत तो गेला. बाई चौथी शिकलेली. पण चुका काढायला शाळा लागत नाही.

“ह्यां भूत?” ती म्हणाली. “मेल्या, गिरणीत पांढरी साडी नेसून कोण जाईल? दोन तासांत काळी होते. भुताक तरी अक्कल दी.”

“काकी, भुतं पांढरंच नेसतात.”

“ती बंगल्यातली. गिरणीतलां भूत लुगडां खोचून येतलां.”

आनंदाची आई कांता तांदूळ निवडत होती. ती फसकन हसली. सुंदराबाईने एका बोटाने बटणं दाबली आणि माझा हिरो सरळ गटारात गेला.

“पडलो बघ. युनियनचो होतो की मालकाचो?”

सगळे हसले. आनंदाने मला पुन्हा सुरू केलं. मीही खूश होते. शिव्या खात होते, पण चार माणसं माझ्यासाठी एकत्र बसली होती. मग गुणाजीला राहवलं नाही. चष्मा चढवून तो खाटेवरून उठला, अगदी माझ्या तोंडाशी आला.

“मागचं दार असं नाही रे. ते आत उघडतं. आणि शिडी कसली लावलीस? ट्रक थेट आत जायचा. वरून ताडपत्री टाकायचे.”

“मग आत काय काढू?” आनंदाने वही ओढली.

“आत सतरंज्या, ओळीने. कापडाच्या घड्या घालतात ना, त्या खात्यात. दिवे रात्रभर चालू. डोळ्यांवर रुमाल बांधून झोपायचं. आणि हे टेबल पुसून टाक, तिथे चहाची किटली असायची. चहा पण काय, नुसतं गोड पाणी…”

चांगला रंगात आला होता. खोलीत बाकी कोणी बोलत नाही, हे त्याला फार उशिरा कळलं. कांताचे हात सुपात थांबले होते.

“गुणाजी,” सुंदराबाई म्हणाली, “तुका ह्यां कसां म्हायत?”

“लोक सांगायचे, वयनी.”

“किटली खंय होती, ता पण लोकांनी सांगल्यानी?”

गुणाजीने चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

“संपाच्या त्या पावसात तू गावाक गेललंस ना? भात लावूक? दोन महिने?”

त्या दोन महिन्यांत सुंदराबाई रोज एक टोप पेज या घरात पाठवत होती. संपवाल्याचं घर, माणूस गावी, कांताच्या पदरात एवढासा आनंदा. स्वतःच्या घरात कमी वाढून पाठवायची. आणि गुणाजी त्या वेळी ताडपत्रीखालून गिरणीत जाऊन मालकाचं काम करत होता.

ती कांताकडे वळली. “तुका ठावक होतां?”

“पोर उपाशी होतं, वयनी.”

“माझां पण होतां.”

एवढं बोलून ती उठून गेली.

आणि मी काय केलं? कोणी बटण दाबेना, तोवर भुताने हिरोला गाठलं. हिरो मेला की मी पहिल्या पानावर जाते, आनंदाने मला तसंच शिकवलंय. तशी गेले. ‘माझ्या बाबांना, जे फुटले नाहीत.’ तिघांच्या तोंडासमोर तेच धरून उभी राहिले. त्याची लाज मला अजून वाटते. मी धड बनलेली असते तर कोणी चुका काढायला बसलंच नसतं. भलत्या जागी मजला राहिला, दार चुकलं, आणि त्या फटीतून माणसाची अब्रू बाहेर पडली.

बुधवारी आनंदा क्लासात रिकाम्या हाताने गेला. कॉम्प्युटर बिघडला म्हणाला. तेही खोटंच. त्या घराला सवय होती.

सुंदराबाईने चाळीत अवाक्षर काढलं नाही. फक्त ती दार लावून बसायला लागली. भरदिवसा दार लावणं म्हणजे काय, हे चाळीत राहिलेल्यालाच कळतं.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी गुणाजी स्टूल ओढून आनंदाशेजारी बसला.

“चालू कर ते. भूत काढून टाक. तिथे भूत नव्हतं. बाहेर गेटवर रामदास घोषणा द्यायचा, त्याचा आवाज आत यायचा. मी कान झाकून पडायचो. भीती ती, बाकी काही नाही.”

“मग गेलात कशाला?” आनंदाने विचारलं. बापाकडे न बघता.

“जायला कारण सगळ्यांकडेच होतं. रामदासकडेपण होतं. तो नाही गेला.”

आनंदाने पहिल्या पानावरची ओळ पुसली. कोणी सांगितलं नव्हतं. मग एक सतरंजी काढली, तिच्यावर कान झाकून, भिंतीकडे तोंड करून पडलेला एक माणूस काढला. बाकीच्यांची नावं गुणाजीने सांगितली नाहीत. “माझ्यापुरतं काढ,” म्हणाला.

“आता काकीला बोलाव.”

“ती नाही यायची, बाबा.”

“चुका काढायला येईल.”

आली. बसली नाही, दारातच उभी राहिली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

“तोंड भिंतीकडे कित्याक?”

“तोंड काढलंच नाही, काकी.”

“मग काढ. माझ्याकडे फिरव त्येका.”

तेव्हा गुणाजीने स्टूल फिरवलं. पाठ माझ्याकडे, तोंड तिच्याकडे. “बघून काढ,” तो पोराला म्हणाला.

हे बोलतेय तेव्हा काम चालूच आहे. आनंदा वाकून बापाचं तोंड बघतो, परत माझ्याकडे वळतो. नाक झालं. कपाळावरच्या आठ्या झाल्या. डोळे राहिलेत. ते जमत नाहीत, कारण गुणाजीची मान सारखी खाली जाते. सुंदराबाई आत येत नाही आणि जातही नाही.

“मान वर कर, गुणाजी,” ती म्हणते.

माझंही तेच मागणं आहे, बाबा. दारं, जिने, मजले राहू देत. मान वर कर.