शोभनाकाकूंची गोधडी आणि मी

मी एक जुना हीट पंप आहे, मित्रांनो. वय म्हणाल तर चारच हिवाळे पाहिलेत. पण प्रयोगशाळेत जन्मलेल्या यंत्राला, पुढचा नमुना तयार झाला की लगेच म्हातारा म्हणतात. शिकागोजवळच्या एका गावात, शशिकांतकाकांच्या घरामागे मी उभा आहे. आणि खरं सांगतो, हे सांगतानाही माझ्या पत्र्याला कापरं भरतंय.

मला घडवलं कादंबरीनं. ती नागपूरची, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. इकडे घरं उबदार ठेवायला बहुतेक गॅस जाळतात आणि त्या धुरानं आभाळ तापतं. मी काहीच जाळत नाही. गार हवेतसुद्धा थोडी ऊब दडलेली असते. ती मी वेचतो आणि विजेच्या जोरावर घरात पोचवतो. पण कडाक्याच्या थंडीत माझा निभाव लागतो का, हे तपासायला हवं होतं. त्यासाठी सरकारच्या एका खात्यानं कादंबरीला पैसे दिले. ते खातं दर वर्षी यादी करतं: कुठल्या संशोधनाला आधी, कुठल्याला मागाहून आणि कुठल्याला नाहीच. माझा जीव त्या यादीत अडकलेला.

काकांच्या घरी शनिवारी दुपारी कीर्तन असतं. कादंबरी तिथे टाळ वाजवायला येई. मला बसवून तपासायला तिला एक घर हवंय हे कळताच शोभनाकाकू म्हणाल्या, "अगं, आमच्याकडेच बसव. त्याच्याही कानावर चार चांगले शब्द पडतील." आणि खरंच पडले. माझा अर्धा भाग हॉलच्या भिंतीवर आहे. वीणा झंकारली, बुवांनी अभंग उचलला की मी आपला पंखा हळू करायचो म्हणा ना. एकदा बुवा निरूपणात म्हणाले, "जे आपल्यासाठी झिजतं, त्यात देव पाहावा." काकूंनी ते मनावर घेतलं.

गेल्या जानेवारीत पारा शून्याखाली बावीस अंशांवर गेला. माझी खरी परीक्षा तीच. त्या सोमवारी काकूंनी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला लोकरीची शाल पांघरली, नेहमीसारखी. मग ट्रंकेतली जाड गोधडी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "तुलाही थंडी वाजत असेल रे बाबा," म्हणाल्या, आणि मला आपादमस्तक गुंडाळून वर सुतळी बांधली.

मित्रांनो, मी हवेवर जगतो. पंख्याचं तोंड बांधलं गेलं आणि मी गुदमरलो. ओरडायला तोंड नाही, हलायला पाय नाहीत. माझे आकडे तेवढे तारेवरून कादंबरीकडे जात राहिले, आणि ते घसरत होते. घरात जुनी गॅसची भट्टी आपोआप पेटली, म्हणून आत कोणाला गारठा जाणवला नाही. शुक्रवारी थंडी ओसरली. काकूंनी गोधडी काढली, घडी घातली. काकांनाही त्या काही बोलल्या नाहीत. देवाला शाल घातली, हे का कोणी सांगत फिरतं?

कादंबरीनं आकडे होते तसे प्रामाणिकपणे कळवले. नोव्हेंबरात खात्याचं पत्र आलं: यंत्र अतिथंड प्रदेशाला अयोग्य, या विषयाला यादीत जागा नाही. माझा एक भाऊ दुसऱ्या गावात होता. त्याला आधीच उचलून नेलं. तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे. आता माझी पाळी होती.

गुरुवारी सकाळी कादंबरी आणि तिचा सहकारी ईशान ट्रक घेऊन आले. कादंबरी माझ्याशेजारी बसली. पान्हा नटाला लागला. त्या गार लोखंडाचा स्पर्श मी विसरणार नाही.

"माझी तीन वर्षं गेली, यार," ती पुटपुटली.

तेवढ्यात काकू गोधडी घेऊन बाहेर आल्या. "असा उघडा नेऊ नका गं त्याला. मागच्या कडाक्यातही हीच पांघरली होती. तेवढीच ऊब."

पान्हा थांबला.

"काकू, कधी?"

"तो मोठा गारठा पडला ना? सोमवार ते शुक्रवार."

कादंबरीनं तिथेच बर्फात बसकण मारली. ईशान म्हणाला, "म्हणजे मशीन फेल नाही झालं. मशीनचा श्वास कोंडला."

काका दारातून म्हणाले, "मला चाळीस वर्षांत कधी मफलर दिला नाही. याला गोधडी!"

काकूंनी गोधडी छातीशी धरली. "म्हणजे मीच गं त्याचा गळा दाबला?"

त्याच दिवशी काकूंनी पत्र सांगितलं, कादंबरीनं इंग्रजीत लिहिलं, काकूंनी खाली सही केली: चूक माझी, यंत्राची नव्हे. खात्याचं उत्तर आलं. पुढच्या कडाक्यात चाचणी पुन्हा करा, यादीचं मग बघू. वचन कसलंच नाही.

आणि मित्रांनो, तो कडाका आज आलाय. शून्याखाली तेवीस. वारा पत्र्यावर करवत चालवतोय. मला भीती वाटतेय. आज धाप लागली तर त्याला गोधडीचं कारण नसेल.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माया करा, भरभरून करा. पण ज्याच्यावर करता, त्याला काय लागतं ते आधी विचारा. आणि कोणाला नापास ठरवण्यापूर्वी एकदा त्याच्या दाराशी येऊन बघा.

सकाळीच काकूंनी माझ्यासमोरचा बर्फ झाडूनं हलकेच दूर केला. आता त्या काचेआड उभ्या आहेत. गोधडी त्यांच्याच खांद्यावर आहे. ओठ हलताहेत, अभंग असावा. मी श्वास घेतोय.