औषध दोघांचं

द्वारकाबाई फलटणहून फरीदाबादला आल्या त्या सुनेचं बाळंतपण करायला. स्वरूपाला पाचवा महिना लागला होता. शंभू एका कारखान्यात सुपरवायझर होता, त्यामुळे दवाखान्याच्या वाऱ्या सासूसुनांनीच करायच्या असं ठरलं.

त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर अलकांनी द्वारकाबाईंना बाहेर बसायला सांगितलं. स्वरूपा बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि सासूच्या शेजारी बाकावर टेकली. लपवावं असं तिच्या मनात आलं असेलही, पण तिने लपवलं नाही.

"आई, माझ्या रक्तात सिफिलिस निघालाय. गावाकडे गरमी म्हणतात ना, ते."

गरमीने पोटं पडलेल्या बायका द्वारकाबाईंनी पाहिल्या होत्या. एकदा नाही, दोनदा पोर दगावलं की बाईला माहेरी धाडायचे. तिच्या नवऱ्याला वैद्याकडे नेल्याचं मात्र त्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "पोराचं काय?"

पोर वाचतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेनिसिलीनची इंजेक्शनं आठवड्याच्या अंतराने तीन घ्यायची. ते औषध आईच्या रक्तातून थेट बाळापर्यंत पोचतं. पण नवऱ्यालाही तपासून औषध द्यायला हवं, नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते.

रात्री स्वरूपाने सांगितलं तेव्हा शंभूने आधी लॅबची चूक असणार म्हणून हात झटकले, मग तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणल्या. मेडिकलच्या दुकानातल्या मित्राने सुचवलं होतं. दोघांनी गोळ्या घेऊ, म्हणजे हॉस्पिटलची भानगड नको आणि कुणाला कळायलाही नको, असं त्याचं म्हणणं. स्वरूपाने वाद घातला नाही. ते पाकीट पर्समध्ये टाकलं आणि सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

डॉक्टरांनी हिंदीत सावकाश समजावलं. औषध वाईट नाही, घशाच्या, छातीच्या काही आजारांवर आम्ही ते देतो. पण या रोगाचे जंतू आता त्याला पुष्कळदा दाद देत नाहीत, आणि आईच्या पोटातली वार ओलांडून ते बाळापर्यंत पुरेसं जातही नाही. पोटातल्या बाळासाठी पेनिसिलीनच हवं.

इंजेक्शन दुधासारखं पांढरं आणि दाट होतं. ते दोन्ही कुल्ल्यांत हळूहळू द्यावं लागलं. स्वरूपाने सासूचा पदर मुठीत घट्ट धरला. अंग तापलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, आणि झालंही तसंच. दुपारी तिला हुडहुडी भरली, अंग भट्टीसारखं तापलं. द्वारकाबाईंनी फोन केला तर शंभू म्हणाला, "मी सांगत नव्हतो? त्या सुईनेच झालं हे."

त्यांनी फोन ठेवला, रिक्षा थांबवली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत रिक्षावाल्याला हॉस्पिटलपर्यंत पिटाळलं. तिथे बाळाचे ठोके बघितले गेले. जंतू मरायला लागले की असा ताप कधी कधी येतो, घाबरायचं कारण नाही, पण आज इथेच लक्ष ठेवतो, असं डॉक्टर म्हणाल्या. उन्हं कलेपर्यंत ताप उतरायला लागला होता.

तेवढ्यात शंभू कारखान्यातून धावतपळत आला. आपल्याकडून झालं ते कसं झालं, हे तो आईला सांगू लागला. द्वारकाबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"चूक कुणाची ते मी विचारत नाही. ते तिला सांग. सुई कधी घेतोस, एवढंच मला सांग."

तो स्वरूपाच्या खाटेपाशी बसला. काय बोलला ते द्वारकाबाईंना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी नंतरही विचारलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की सून भिंतीकडे तोंड करून रडली, मग तिने डोळे पुसले आणि ती उठून बसली.

"रागवायचं ते मी नंतर रागवेन," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांकडे चला."

शंभू गेला. त्याचीही रक्ततपासणी झाली, त्यालाही तेच दाट औषध मिळालं, आणि दोन दिवस तो तिरका बसून जेवला. पुढची इंजेक्शनं दोघांनी सोबत घेतली. स्वरूपा मात्र बाळंत होईपर्यंत सासूच्या खोलीत झोपली. शंभूने ते मुकाट्याने सोसलं, आणि द्वारकाबाईंनीही त्याची बाजू घेतली नाही.

मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, रक्त तपासलं आणि बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं. नाव मैत्रेयी ठेवलं. द्वारकाबाईंनी जावेला फोन करून सांगितलं की आमची स्वरूपा वाघीण आहे. का, ते काही त्यांनी सांगितलं नाही. जाऊ बिचारी विचारत राहिली.

बाळाच्या पुढच्या तपासणीला सगळेच गेले. बाहेरच्या बाकावर एक गरोदर बाई रडत होती आणि तिचा नवरा दाराशी पाठ फिरवून उभा होता. इंजेक्शन तू घे, मी कशाला, असं तो बायकोला सुनावत होता. स्वरूपाने मैत्रेयीला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि ती त्या बाईजवळ जाऊन बसली. मैंने भी लिया है, बिल्कुल ठीक हूँ, असं ती सांगताना ऐकू आलं. मग तिने शंभूकडे नुसतं पाहिलं. तो दाराशी गेला आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागला.

मांडीवरच्या नातीला थोपटत द्वारकाबाई दोघांकडे बघत होत्या. लेकाचा अभिमान त्यांना तो नोकरीला लागला तेव्हाही वाटला होता. पण त्याला लोकांसमोर आपलं तोंड उघडताना पाहिलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला, आणि ज्या पोरीने त्याला तिथवर आणलं तिची दृष्टच काढायला हवी, असं त्यांच्या मनात आलं.