आधी रूळ पुसा

मी एक जुने, हिरव्या रंगाचे, वीतभर लांबीचे इंजिन आहे. मित्रांनो, वीतभर म्हटल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण मला सहा चाके आहेत, पोटात खरीखुरी मोटर आहे आणि कपाळावर एक दिवा आहे, जो लहर आली तर लागतो. माझ्याबद्दल जन्मभर एकच तक्रार झाली, की मी नीट चालत नाही. तक्रार खोटी नव्हती. पण मी का चालत नव्हतो हे मला ठाऊक होते आणि ते सांगायला मला तोंड नव्हते. ज्या घरात आठवड्याला पाचसहा तोंडे तयार होत, त्याच घरात माझ्यावर ही वेळ यावी, याचे मला अजून वाईट वाटते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने मला चाके बसवली, दुसरीने रंग दिला, आणि जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या तिसरीने मला गोल रुळांवर ठेवून कान जवळ आणला. मी तीन फेऱ्या मारल्या. "पोटातलं पाणी हलणार नाही असं चालतंय," ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातले. पुढे कित्येक वर्षे या एका वाक्यावर मी दिवस काढले.

मला विकत घेतले ते रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डसाहेबांनी, पण स्वतःसाठी नव्हे. त्यांनी मला नेऊन दिले त्यांची कवळी बनवणाऱ्या माणसाला. त्या माणसाला गल्लीतली मुले कवळीवाले काका म्हणत, म्हणून मीही त्यांना काकाच म्हणतो. गार्डसाहेबांचा जबडा वाकडा होता. काकांनी त्यांची कवळी तीन वेळा मोडून पुन्हा केली होती, तीही न कुरकुरता.

"तीनदा केलीस, पण तोंड वाकडं केलं नाहीस," गार्डसाहेब नव्या दातांनी हसत म्हणाले. "हे घे. याच्याशीही असाच धीराने वाग. आणि एक लक्षात ठेव, हे कधी अडलं तर आधी रूळ बघ, मग इंजिन. आम्ही आयुष्यभर तेच केलं."

काकांनी मान डोलावली. मान डोलावणे आणि ऐकणे यांत किती अंतर असते, ते मला पुढे कळले.

काकांची कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, आणि खिडकीपाशी टेबल. टेबलावर मेण वितळवायचा दिवा, बारीक कोरण्या आणि कवळीचे दात घासून गुळगुळीत करायचे छोटे यंत्र. यंत्र सुरू झाले की पांढरी भुकटी उडे आणि उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगत राही. खिडकी खटका लावून बंद असे, कारण वाऱ्याने मेण लवकर घट्ट होई. झाडूलाही तिथे मज्जाव होता, कारण मेणावर कचरा बसे. नाकाला बांधायचे फडके खिळ्याला लटकत होते, कारण ते बांधले की काकांच्या चष्म्यावर वाफ धरे. या टेबलाच्या शेजारी एका पाटावर त्यांनी माझे रूळ मांडले.

पहिले काही दिवस माझी चैन होती. काम संपले की काका मला सोडत आणि हनुवटीला हात लावून बघत बसत. काकू चहा घेऊन दारात येत आणि म्हणत, "मला कधी इतकं टक लावून बघितलं नाहीत."

मग मी अडू लागलो. मित्रांनो, मला वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. चाक आणि रूळ यांच्यामध्ये भुकटीचा नुसता पापुद्रा आला तरी वीज तुटते. मी वळणावर गचका खायचो, दिवा मिचकायचा आणि मी उभा. काका बोटाने ढकलत. मी चार बोटे पुढे जाई आणि पुन्हा उभा.

आता काकांच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा, कारण सारा घात त्यानेच केला. कवळी टोचते अशी तक्रार आली, की ते कवळी घासत. तोंडाला कधी दोष द्यायचा नाही, ते असते तसेच असते. दोष नेहमी आपण केलेल्या वस्तूत. हा नियम त्यांनी तीस वर्षे पाळला आणि त्यामुळेच लोक त्यांच्याकडे येत. माझ्या बाबतीतही त्यांनी तोच लावला. रूळ म्हणजे तोंड आणि मी म्हणजे कवळी.

त्यांनी मला उघडले. कापूस गुंडाळलेल्या कोरणीने माझी चाके पुसली. कापूस पांढराफटक होऊन निघाला. त्यांनी त्याकडे पाहिले आणि तो टाकून दिला. मी दोन फेऱ्या नीट मारल्या आणि तिसरीत अडलो. मग तेल घातले. तेलात भुकटी मिसळून माझ्या पोटातल्या चक्रांच्या दात्यांत खळ तयार झाली. मग कवळ्या घासायच्या यंत्रावर माझी चाके धरली. त्यांच्यावरची चकाकी गेली आणि खरखरीत चाकांवर भुकटी आणखी चिकटू लागली. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी आधीपेक्षा वाईट चालत होतो. माझ्या दुरुस्तीने काकांच्या नाकी नऊ आले. त्यांनी माझे नाव अडेलतट्टू ठेवले. वाकड्या जबड्यापुढे न चिडणारा माणूस माझ्यावर मात्र खेकसायला लागला.

"अहो, एकदा ती रुळांची पट्टी पुसून तरी बघा," काकू दारातून म्हणाल्या होत्या.

"अगं, पट्टीत काय बिघडणार? धातूचा तुकडा तो. बिघडलंय ते हेच," काका म्हणाले आणि त्यांना खोकला आला.

तो खोकला मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. कोरडा, अडत अडत येणारा. मी वळणावर जसा गचके खायचो तसा. ज्या भुकटीने मला अडवले होते तीच त्यांच्या छातीत चालली होती, आणि हे त्या खोलीत फक्त मला समजत होते. मी अडायचो, तेव्हा मला वाटे की आता तरी ते रुळावर बोट फिरवतील, बोट पांढरे झालेले पाहतील आणि खिडकी उघडतील. मला दुसरी कुठली भाषा येत नव्हती. अडणे एवढीच माझी भाषा होती.

एके दिवशी सकाळी गार्डसाहेब मला चालताना बघायला आले. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसत होते, म्हणून ते खुर्ची पाटाला टेकवून बसले. मी जिवाच्या आकांताने निघालो. एका फेरीत चार वेळा थांबलो. काकांचे कान लाल झाले.

"रूळ पुसलेस का रे?" गार्डसाहेबांनी विचारले.

"रुळांचं काही नाही हो. मुळातच सदोष आहे हे," काका म्हणाले.

भेट दिलेली वस्तू सदोष आहे असे गार्डसाहेबांना तोंडावर ऐकावे लागले. चहा पिऊन ते गेले, ते पुन्हा आले नाहीत. काकांनी मला खालच्या खणात टाकले. तिथे माझ्या एका बाजूला कोणाची तरी तडकलेली बत्तीशी होती आणि ती सदा हसत असे. तिच्या सोबतीने मी नऊ वर्षे काढली. खणाच्या फटीतून मला यंत्राची घरघर ऐकू येई आणि खोकला ऐकू येई. पुढे पुढे घरघर कमी झाली आणि खोकला वाढला. एक दिवस यंत्र बंद पडले, म्हणजे काकांनीच ते बंद केले, कारण त्यांना टेबलापर्यंत चालवत नव्हते.

खण उघडला तो काकूंनी. काकांचे मन रमावे म्हणून त्यांनी मला शोधून काढले होते. माझी चाके त्यांनी दातांच्या जुन्या ब्रशाने घासली. रूळ कसे साफ करतात हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघरात नेऊन भांड्यांसारखे साबणाने धुतले, काळ्या सुती फडक्याने पुसले आणि निजायच्या खोलीत, काकांच्या पलंगाशेजारी, जमिनीवर मांडले.

"कशाला उगाच," काका उशीला टेकून म्हणाले. त्यांच्या नाकाला नळी होती आणि शब्दाशब्दाला ते थांबत होते. "ते चालायचं नाही."

मी चाललो. मित्रांनो, मी असा चाललो की कारखान्यातल्या त्या चष्मेवाल्या बाईने शाबासकी दिली असती. वळण आले आणि गेले. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. आता काका हसतील म्हणून मी आणखी जोरात धावलो.

काका हसले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला. "ते फडकं दाखव. ज्याने पुसलंस ते."

काकूंनी दिले. काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा होत्या, धुतल्यानंतरही राहिलेल्या. काकांनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत राहिले. छातीत काय साचले आहे ते डॉक्टरांनी त्यांना आदल्याच महिन्यात सांगितले होते.

"हेच ते," काका म्हणाले.

"काय हो?"

"हे मला सांगत होतं गं. रोज सांगत होतं. मी त्यालाच घासत बसलो."

काकूंनी मला थांबवायला हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. चालू दे त्याला." मी चालत राहिलो. इतके नीट चालणे मला कधी इतके जड गेले नव्हते. बरोबर ठरल्याचा आनंद मला एक क्षणही झाला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काका गेले.

आता त्या खोलीत त्यांची भाची काम करते. तीही कवळ्याच बनवते. पहिल्या दिवशी ती हत्यारे लावत होती तेव्हा काकू मला घेऊन आत आल्या आणि त्यांनी मला टेबलाशेजारी पाटावर ठेवले.

"मामी, हे इथे कशाला? कामात लुडबुड होईल," भाची म्हणाली.

"होऊ दे. सकाळी रूळ पुसायचे आणि याला चालू ठेवायचं. हे अडलं की यंत्र बंद, खिडकी उघडी आणि तू बाहेर. मेण वाया गेलं तरी चालेल."

भाचीने मान डोलावली. मी धास्तावलो, कारण मान डोलावणे मी आधीही पाहिले होते. पण दुपारी मी वळणावर गचका खाल्ला, दिवा मिचकला आणि मी उभा राहिलो, तेव्हा तिने मला बोटाने ढकलले नाही. तिने रुळावरून बोट फिरवले, ते उजेडात धरून पाहिले आणि हातातली कवळी खाली ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी सारखे अडत असेल. एखादे यंत्र असेल, एखादे जनावर असेल, एखादे माणूसही असेल. त्याच्यावर ओरडण्याआधी ते कशावरून चालते आहे तेवढे एकदा बघा. माझे चालणे आता काही सुधारणार नाही, चाके पार झिजली आहेत. पण मी अडलो की हल्ली खिडकी उघडते. तीच खिडकी, तोच खटका. तो वाजला की दर वेळी मला काकांचा खोकला आठवतो.