भोंग्यावरचं नाव

संतपूरच्या अलीकडच्या त्या गावात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी डॉक्टर, नर्स आणि गावची आशा कार्यकर्ती शिवगंगा असे तिघं समाजमंदिरात बसत. साखर-बीपीच्या पेशंटाचं एकच कार्ड, तिघंही त्यावरच लिहीत. बेत चांगला होता. पण शिवगंगाला लोकांना वठणीवर आणायची भारी हौस. ज्यांची साखर वाढलेली, त्यांची नावं आकड्यासकट ती संध्याकाळी भोंग्यावरून वाचायची. साखर फार उतरली तर काय होतं, हे मात्र भोंग्यावरून कुणी कधी सांगितलं नाही.

नागनाथचं नाव लागोपाठ तीनदा वाजलं. हॉटेलात शिरला की लोक "तीनशे दहा आले" म्हणून दात काढायचे. बायकोला, सावित्रीबाईला, ही फजिती बघवेना. चौथ्या खेपेला तिनंच डोकं चालवलं. सोमवारी दुपारपासून त्याला भाकरीचा तुकडा दिला नाही, आणि आठवडाभर चुकवलेल्या गोळ्या मंगळवारी पहाटे एकदम गिळायला लावल्या.

दहाला रांग लागली. साखर आटोक्यात असणारे पुढं, बाकीचे शेवटी, हाही शिवगंगाचाच कायदा. अकराला नागनाथला दरदरून घाम फुटला. बाराला तो भिंतीला टेकून बरळायला लागला.

"अक्का, ह्यांना आधी घ्या की," सावित्रीबाई म्हणाली. "कसंतरीच करायलेत."

"कामून? सकाळीच ढोसून आलाय काय?" शिवगंगा खेकसली. "रांगेतच ऱ्हाऊ द्या."

नागनाथनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. सावित्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगावं तर सगळी लबाडी उघडी पडणार. शेजारणीनं त्याच्यासाठी चहा पुढं केला, तो तिनं मागं सारला.

नंबर आला तेव्हा तो फरशीवर आडवा झाला होता. नर्सनं वाकून बोटाला सुई टोचली आणि ओरडली, "डॉक्टर, अठ्ठावीस!"

सावित्रीबाईचा आनंद गगनात मावेना. "ऐकलंव का, अक्का? अठ्ठावीस! एवढा कमी गावात कुणाचा हाय?"

शिवगंगा पांढरीफटक पडली. डॉक्टर धावत आले, साखर आणा म्हणाले. साखरेचं नाव ऐकताच सावित्रीबाई हात पसरून नवऱ्याच्या आडवी आली. "न्हाई द्यायची! आत्ताच कुठं उतरलीय!"

नर्सनं तिला ओढून बाजूला केलं. डॉक्टरांनी शीर शोधली, सलाईन लावलं, छाती दाबत राहिले. बऱ्याच वेळानं घड्याळाकडं बघून ते थांबले.

सावित्रीबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"उठा की आता," ती म्हणाली. "आज तुमचं नाव न्हाई वाचणार."